कोरियातील १९५०–५१ चा हिवाळा: मागे हटलेले सैन्य महिनाभरात पुन्हा उभे कसे राहिले?

पायवाट यांचा प्रश्न

कोरियन युद्धाच्या पहिल्या हिवाळ्याविषयी बरेच दिवस वाचत आहे आणि एका मुद्द्यापाशी येऊन अडलो आहे, म्हणून जाणकारांना विचारतो. नोव्हेंबर १९५० च्या अखेरीस चिनी सैन्याने मोठा हल्ला चढवला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या फौजा कोरियाच्या उत्तरेत दोन वेगवेगळ्या भागांत पसरलेल्या होत्या. पश्चिमेला चोंगचोन नदीच्या काठी अमेरिकेचे आठवे सैन्य होते आणि पूर्वेला, मधली डोंगररांग ओलांडून, दहावी कोर (अनेक डिव्हिजनचा गट) होती. दोन्ही ठिकाणी माघार घ्यावी लागली. दोन्हीकडे शत्रू तोच, आठवडाही तोच, आणि थंडी दोन्हीकडे हाडे गोठवणारी. तरीही पश्चिमेला कुनुरीच्या दक्षिणेच्या रस्त्यावर अमेरिकेच्या दुसऱ्या डिव्हिजनची एका दिवसात वाताहत झाली, तर पूर्वेला चोसिन जलाशयाकडून निघालेली पहिली मरीन डिव्हिजन आपले जखमी, बहुतेक तोफा आणि वाहने घेऊन समुद्रापर्यंत पोहोचली.

त्याहून मोठे कोडे पुढचे आहे. आठवे सैन्य तीनशे किलोमीटरहून अधिक मागे आले, ४ जानेवारी १९५१ रोजी त्याने सोलही सोडले, आणि तेच सैन्य २५ जानेवारीला पुन्हा उत्तरेकडे चालू लागले. पळत सुटलेली फौज तीन आठवड्यांत कशी सावरते? नवे सैनिक आले, दारूगोळा आला, एवढ्याने मन भरत नाही, कारण दारूगोळा तर मागे हटतानाही होता. प्याँगयांग सोडताना हजारो टन साहित्य स्वतःच जाळावे लागले होते. माघार टिकते की मोडते हे नेमके कोठे ठरते, आणि फेरजुळणी म्हणजे प्रत्यक्षात काय केले जाते, यावर कोणी विस्ताराने लिहील का?

बारगीर यांचे उत्तर

माझे मत प्रथम सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. चोसिनची माघार १ डिसेंबरला सुरू झाली असली, तरी ती नोव्हेंबरच्या मध्यातच निम्मी जिंकली गेली होती, कारण तेव्हा त्या डिव्हिजनचा सेनापती पुढे जात असतानाच परतीच्या वाटेची सोय करत होता.

तो सेनापती म्हणजे मेजर जनरल ऑलिव्हर स्मिथ. त्यांच्यावर कोरचे सेनापती जनरल आल्मंड यांचा सतत दबाव होता की त्वरेने चीनच्या सीमेवरील यालू नदीकडे चला. हुंगनाम बंदरापासून जलाशयाच्या पश्चिमेकडील युदामनीपर्यंत सुमारे सव्वाशे किलोमीटरचा एकच रस्ता होता, आणि त्याचा वरचा भाग म्हणजे डोंगराच्या कडेने वळणे घेत जाणारी एका गाडीची वाट. स्मिथ यांनी मुद्दाम सावकाश चाल केली आणि या रस्त्यावर चिनहुंगनी, कोतोरी व हागारूरी या तीन ठिकाणी ठाणी बसवून तेथे राखीव दळ ठेवले. मागे वळायची वेळ आली तेव्हा युदामनीतल्या दोन रेजिमेंटना (डिव्हिजनच्या मोठ्या तुकड्यांना) समुद्रापर्यंतचे सगळे अंतर एका दमात कापायचे नव्हते. पहिला टप्पा हागारूपर्यंतचा, म्हणजे २२ किलोमीटरचा होता, आणि त्या टोकाला तंबू, शेगड्या, डॉक्टर आणि आपली माणसे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होते.

या २२ किलोमीटरला किती वेळ लागला ते पाहा. रांगेच्या तोंडाला ५९ तास लागले आणि शेपटाला ७९. याचे कारण असे की रस्त्यावरून वाहने नेण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या टेकड्या पायदळाने चढून घ्यायच्या, रांग पुढे सरकेपर्यंत त्या धरून ठेवायच्या आणि मग पिछाडीने त्या क्रमाक्रमाने सोडायच्या, असा शिरस्ता होता. हा प्रकार फार दमवणारा असतो. गुडघाभर बर्फात चढलेल्या कंपनीला घाम येतो, वर पोहोचून थांबल्यावर तोच घाम गोठतो, आणि तेवढ्यात पुढची टेकडी घेण्याचा हुकूम येतो. मात्र तसे केले नाही तर खालचा रस्ता शत्रूच्या मशिनगनसमोर उघडा पडतो.

वाटेतल्या तोकतोंग खिंडीत कॅप्टन विल्यम बार्बर यांची फॉक्स कंपनी, सुमारे २४० माणसे, २७ नोव्हेंबरच्या रात्रीपासून वेढ्यात होती. ती खिंड हातची गेली असती तर दोन रेजिमेंट वरच कोंडल्या असत्या. म्हणून लेफ्टनंट कर्नल रेमंड डेव्हिस यांची बटालियन १ डिसेंबरच्या रात्री रस्ता सोडून डोंगरातून खिंडीकडे निघाली. डेव्हिस कांबळ्यासारखे पाँचो डोक्यावरून ओढून खड्ड्यात बसत, विजेरीच्या उजेडात नकाशा व होकायंत्र पाहत, आणि बाहेर येऊन उभे राहीपर्यंत आत काय ठरवले ते विसरून जात, इतकी थंडीने बुद्धी बधिर झाली होती. मग पुन्हा आत बसायचे. उणे ३० अंश सेल्सियसच्या खाली नेतृत्व करायचे म्हणजे काय, ते या एका प्रसंगावरून मला जितके कळले तितके कोणत्याही आकडेवारीवरून कळले नाही.

हागारूला स्मिथ यांनी आधीच धावपट्टीचे काम सुरू केले होते. जमीन इतकी गोठलेली होती की माती खरवडणाऱ्या यंत्रांना पोलादी दात जोडावे लागले. रात्री दिव्यांच्या झोतात काम चाले, आणि २८ नोव्हेंबरच्या रात्री शत्रू आत घुसला तेव्हा अभियंत्यांनी यंत्रे सोडून रायफली घेतल्या, त्याला मागे रेटले आणि ते पुन्हा कामाला लागले. धावपट्टी पूर्ण होण्याआधीच १ डिसेंबरला पहिले विमान उतरले. पुढच्या काही दिवसांत चार हजारांहून अधिक जखमी व हिमदंश झालेली माणसे तेथून हलवली गेली, आणि येताना त्याच विमानांतून पाचशेहून अधिक बदली सैनिक वर आले. मागे हटणाऱ्या सैन्यात ताजी माणसे येऊन मिळतात, हे दृश्य फार दुर्मिळ आहे. आपण विचारलेली फेरजुळणी हागारूलाच, शत्रूच्या वेढ्यात, सुरू झाली होती.

नकाशेवाला यांचे उत्तर

बारगीर यांच्या विवेचनाशी बहुतांशी सहमत आहे, आणि अभियांत्रिकी दलाच्या कामाविषयी मला विशेष आस्था असल्यामुळे पुलाचा भाग जोडतो.

कोतोरीच्या खाली फुनचिलिन खिंडीत, जलाशयाचे पाणी वीजकेंद्राकडे नेणाऱ्या नळांच्या वर, रस्त्यावरचा छोटा पूल चिन्यांनी उडवला होता. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी; वळसा घ्यायला जागाच नव्हती. खिंडार सुमारे नऊ मीटरचे होते. माणसे कशीबशी उतरून गेली असती, पण हजाराहून अधिक वाहने, आणि त्यांतल्या कितीतरी वाहनांमधले जखमी, वरच राहिले असते. डिव्हिजनचे मुख्य अभियंता लेफ्टनंट कर्नल जॉन पार्ट्रिज यांनी विमानातून पोलादी पुलाचे भाग टाकण्याची मागणी केली. गरज चार भागांची होती आणि त्यांनी आठ मागवले, कारण काही भाग मोडतील किंवा शत्रूच्या हद्दीत पडतील हे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्येक भाग टनाहून जड होता. ७ डिसेंबरला ते हवाई छत्र्यांनी कोतोरीत उतरले. एक शत्रूकडे गेला, एक वाकला, आणि उरलेले पुरले. ९ तारखेला पूल उभा राहिला. एका जड यंत्राच्या भाराने मधल्या लाकडी फळ्या मोडल्यावर दोन पोलादी पट्ट्यांमधले अंतर असे बदलले गेले की त्यांवरून रणगाडेही जातील आणि जीपही जातील. कडेला बोटभर जागा उरली होती, आणि विजेरीच्या खुणेवर गाड्या रात्रभर उतरत राहिल्या.

हा पूल ज्या शिखराच्या माऱ्याखाली होता, ते १०८१ क्रमांकाचे शिखर खालून, म्हणजे चिनहुंगनीच्या ठाण्यातून वर चढून आलेल्या बटालियनने ८ डिसेंबरच्या हिमवादळात हल्ला सुरू करून ९ तारखेला घेतले. मागे ठेवलेल्या त्या ठाण्याचा खरा उपयोग हा झाला. वरून येणाऱ्याला आपली वाट पूर्णपणे स्वतःच मोकळी करावी लागत असेल, तर तो वाटेतच संपतो.

मात्र दोन गोष्टींची नोंद करणे मला आवश्यक वाटते. पहिली म्हणजे जलाशयाच्या पूर्व बाजूला असलेले अमेरिकी भूदलाचे सुमारे ३२०० सैनिकांचे दल. ते घाईघाईने, तुकड्या-तुकड्यांनी पोहोचलेले होते, त्यांचा हागारूशी बिनतारी संपर्क नव्हता आणि त्यांचे रणगाडे त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. पहिले प्रमुख कर्नल मॅक्लीन २९ नोव्हेंबरला गमावले गेले. त्यांच्यानंतर सूत्रे घेतलेले लेफ्टनंट कर्नल फेथ १ डिसेंबरला, जखमींनी भरलेल्या ट्रकांची रांग फोडून नेण्याच्या प्रयत्नात, मारले गेले. उरलेली माणसे गोठलेल्या जलाशयावरून चालत, काही तर सरपटत, हागारूला पोहोचली, आणि त्यांपैकी पुन्हा लढू शकतील अशी माणसे चारशेही नव्हती. या दलाची कित्येक वर्षे अवहेलना झाली. वस्तुतः त्यांनी शत्रूचे मोठे बळ जलाशयाच्या पूर्व किनाऱ्यावर दिवसच्या दिवस गुंतवून ठेवले नसते, तर हागारू टिकले असते का, याची मला शंका आहे. त्यांचा अधिकृत गौरव व्हायला १९९९ साल उजाडले.

दुसरी गोष्ट नागरिकांची. सैन्यामागून हजारो निर्वासित बर्फातून येत होते. शत्रूचे सैनिक त्यांच्यात मिसळून येतील या भीतीने त्यांना रांगेपासून दूर ठेवले जाई, आणि ११ डिसेंबरला मरीन सैन्याने मागे वळून हा पूल उडवला तेव्हा अनेकजण पलीकडेच राहिले. पुढे हुंगनाम बंदरातून सुमारे एक लाख पाच हजार सैनिक व साडेसतरा हजार वाहने हलवताना नव्वद हजारांहून अधिक नागरिकांनाही जहाजांत घेतले गेले, हे खरे आणि मोठे काम आहे. तरीही माघारीचा हिशेब मांडताना त्या पुलापलीकडची माणसे कोणी वगळू नयेत.

कुनुरीविषयी थोडक्यात. दुसऱ्या डिव्हिजनने ३० नोव्हेंबरला दक्षिणेचा रस्ता धरला, तेव्हा त्या रस्त्यावर शत्रूचा एखादा अडथळा असेल असा समज होता. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर मैलोगणती शत्रू बसलेला होता. टेकड्या न घेता गाड्या रस्त्यावर घातल्या गेल्या, एक गाडी बंद पडली की मागची सगळी रांग उभी राही, आणि त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे गेली. त्याच डिव्हिजनमधील कर्नल पॉल फ्रीमन यांची २३ वी रेजिमेंट पिछाडीला होती. त्यांनी पश्चिमेच्या आंजूमार्गे जाण्याची परवानगी मिळवली, सोबतच्या तोफखान्याने निघण्यापूर्वी वीसेक मिनिटांत तीन हजारांहून अधिक गोळे डागून शत्रूला जागीच दबवले, आणि तोफा निकामी करून ती रेजिमेंट जवळजवळ अभंग बाहेर पडली. ही रेजिमेंट लक्षात ठेवावी.

शुश्रूषा यांचे उत्तर

वैद्यकीय बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहिते. हिवाळी माघारीत थंडीने जायबंदी झालेली माणसे गोळीने जायबंदी झालेल्यांइतकीच ओझ्याची ठरतात, कारण त्यांनाही वाहूनच न्यावे लागते.

चोसिनला रक्तद्रवाच्या बाटल्या गोठत आणि नळ्यांत खडे अडकत. मॉर्फिनच्या छोट्या नळ्या वैद्यकीय मदतनीस तोंडात धरून ठेवत, म्हणजे गरज पडेल तेव्हा औषध पातळ असे. जखम पाहण्यासाठी कपडे कापले तर जखमी गारठूनच जाईल, म्हणून कित्येकदा वरूनच पट्टी बांधली जाई. सैनिकांना दिलेले रबरी तळाचे बूट चालताना पाय घामेजून टाकत आणि थांबल्यावर तोच ओलावा आत गोठे. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे मोजे बदलणे. कोरडे मोजे पोटाशी कपड्यांच्या आत बाळगायचे आणि अधिकाऱ्याने समोर उभे राहून ते बदलून घ्यायचे. दमलेला माणूस स्वतःहून ते करत नाही. ज्या तुकडीत नायक जागेवर असतो तेथे पाय वाचतात, आणि तुकडी विस्कळीत झाली की हिमदंशाचे प्रमाण लगेच वाढते. त्यामुळे शिस्त हा येथे वैद्यकीय विषयही आहे.

चिनी बाजूचे हाल याहून भीषण होते. जनरल सोंग शिलुन यांचा नववा सैन्यसमूह, बारा डिव्हिजन आणि सुमारे दीड लाख माणसे, पूर्व चीनच्या तुलनेने उबदार प्रदेशातून घाईने आणला गेला होता. अनेकांच्या पायांत कापडी बूट होते, पुरेसे हिवाळी कपडे पोहोचले नव्हते, आणि विमानांच्या भीतीने शेकोटी पेटवता येत नव्हती. तीस हजारांच्या आसपास सैनिकांना हिमदंशाने ग्रासले आणि हजारो गोठून मेले. काही ठिकाणी दबा धरून बसलेल्या तुकड्या तशाच्या तशा मृतावस्थेत आढळल्या. चोसिनच्या रणभूमीवरून शत्रूला हुसकावणारा हा सैन्यसमूह स्वतः १९५१ च्या वसंत ऋतूपर्यंत लढाईबाहेर राहिला. पायवाट यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे असे मला वाटते. जानेवारीत आठव्या सैन्यासमोर जे बळ उभे राहायला हवे होते, त्यातला मोठा भाग हामहुंगच्या परिसरात पाय शेकत पडला होता.

आणि एका माघारीचा उल्लेख आपण तरी करायलाच हवा. भारताची ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात पोहोचली आणि राष्ट्रकुल ब्रिगेडसोबत काम करू लागली. डिसेंबरच्या आरंभी प्याँगयांग सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा साहित्य न्यायला वाहने नव्हती. शस्त्रक्रियेचे साहित्य मागे टाकले तर हे पथक पुढे कोणाच्याच उपयोगाचे राहणार नव्हते. त्यांनी एक सोडून दिलेले इंजिन व डबे शोधले, आपल्याच माणसांपैकी इंजिन चालवता येणारे पुढे आले, पाणी व जळण भरले गेले, आणि सगळे साहित्य घेऊन ही गाडी पूल उडवला जाण्याच्या थोडे आधी नदीपार दक्षिणेकडे निघून गेली. आजूबाजूला टनावारी सामान जाळले जात असताना ज्यांनी आपली हत्यारे जपली, ते पुढच्या लढाईत पहिल्या दिवसापासून कामाला आले. मार्च १९५१ मध्ये मुनसानजवळ हवाई छत्रीधारी सैनिकांबरोबर याच पथकातील डॉक्टर व मदतनीसही उतरले होते.

पायवाट

तिघांचेही मनापासून आभार. माघारीचा भाग आता बराच स्पष्ट झाला. परंतु आठव्या सैन्याकडे ना हागारूसारखे ठाणे होते, ना तशी एकसंधता. त्याचे सेनापती जनरल वॉकर तर २३ डिसेंबरला जीपच्या अपघातात गेले. मग जानेवारीत नेमके काय बदलले? केवळ त्यांच्या जागी जनरल रिजवे आले आणि चमत्कार झाला, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते.

बारगीर

चमत्कार मीही मानत नाही, परंतु रिजवे यांनी केलेली कामे पाहिली तर त्यांत एक निश्चित क्रम दिसतो.

आठव्या सैन्याचा पहिला रोग असा होता की त्याला शत्रू दिसतच नव्हता. वाहनांवरून ते इतक्या वेगाने मागे आले होते की पायी चालणाऱ्या चिन्यांशी संपर्कच तुटला होता. समोर कोण आहे, किती आहेत, हे माहीत नसले की प्रत्येक अफवा खरी वाटते आणि प्रत्येक सेनापती पुढच्या माघारीची रेषा आखून ठेवतो. रिजवे २६ डिसेंबरला पोहोचले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना हल्ल्याच्या योजना विचारल्या. मिळाल्या त्या माघारीच्याच योजना. त्यांनी सोल वाचवण्याचा हट्ट मात्र धरला नाही. ३१ डिसेंबरच्या चिनी हल्ल्यानंतर त्यांनी शहर सोडले, हान नदीचे पूल उडवले आणि प्योंगतेकपासून पूर्वेकडे जाणाऱ्या रेषेवर सैन्य आणून उभे केले. ज्या सेनापतीला पुढे जायचे आहे, त्यानेच प्रथम आणखी मागे येण्याचा निर्णय घ्यावा, हे मला या मोहिमेतले सर्वांत धैर्याचे कृत्य वाटते.

त्यानंतर त्यांनी आघाडीवर फिरून पाहिले. जेवण गरम पोहोचते का, हातमोजे आहेत का, घरी पत्र लिहायला कागद आहे का, इथपासून चौकशी केली. स्वतःच्या जीपमध्ये जास्तीचे हातमोजे ठेवले. त्याच वेळी अधिकाऱ्यांना खडसावले की रस्त्याला चिकटून राहू नका, टेकड्यांवर चढा, शेजारच्या तुकडीला वाऱ्यावर सोडू नका. थकलेल्या डिव्हिजनना मागे घेऊन भरती व साहित्य दिले. चोसिनहून आलेली मरीन डिव्हिजन मासानजवळ विसावली आणि जानेवारीत पोहांगच्या डोंगरात शत्रूच्या घुसखोर तुकड्या शोधण्याच्या तुलनेने हलक्या कामाला लागली. तेथे नवी माणसे जुन्यांबरोबर रुळली.

मग १५ जानेवारीला २७ वी रेजिमेंट रणगाड्यांसह उत्तरेकडे टेहळणीसाठी पाठवली गेली. तिला सुवनच्या आसपासपर्यंत फारसा प्रतिकार झाला नाही. या छोट्या हालचालीचे महत्त्व फार मोठे आहे, कारण समोर अफाट सैन्य दबा धरून बसले आहे ही भीती प्रत्यक्ष पाहणीने विरली. चिनी सेनापती पेंग देहुआई यांनी ८ जानेवारीलाच पाठलाग थांबवून आपले मुख्य बळ विश्रांतीसाठी मागे घेतले होते. त्यांची रसद माणसांच्या पाठीवर आणि रात्री चालणाऱ्या थोड्या ट्रकांवर अवलंबून होती, आणि सैनिकाबरोबरचे अन्न आठवड्याभरात संपे. दक्षिणेकडे जितके यावे तितकी ती साखळी लांबत होती आणि विमानांच्या माऱ्यात येत होती. रिजवे यांनी हे बरोबर ओळखले की या शत्रूचा हल्ला एक आठवडा सोसला, तर आठव्या दिवशी तो आपोआप मंदावतो.

म्हणून २५ जानेवारीची चाल लांब उडीसारखी नव्हती. सगळ्या तुकड्या एका ओळीत, एकमेकींना धरून, रोज थोड्या अंतराने पुढे सरकत होत्या, आणि मागे शत्रूचा एकही गट शिल्लक राहू दिला जात नव्हता. १० फेब्रुवारीपर्यंत इंचोन आणि किंपोचा विमानतळ पुन्हा हाती आला.

नकाशेवाला

बारगीर यांनी जेथे सोडले तेथून एवढेच जोडतो. १३ ते १५ फेब्रुवारीला चिप्योंगनी या छोट्या गावाभोवती चिन्यांनी वेढा घातला. आत कुनुरीहून निसटलेली तीच २३ वी रेजिमेंट होती, प्रमुख तेच कर्नल फ्रीमन, आणि सोबत एक फ्रेंच बटालियन. वेढा पडणार हे दिसू लागल्यावर फ्रीमन यांना मागे यायचे होते. जागा सोडू नका, रसद विमानातून टाकू, असा हुकूम आला, आणि तो पाळला गेला. सभोवतीच्या उंच डोंगरांचे कडे फार मोठे असल्यामुळे त्यांनी आतल्या ठेंगण्या टेकड्यांचे लहान कडे धरले, जेणेकरून सर्व बाजूंना तोफा वळवता याव्यात आणि राखीव माणसे चालत कोठेही पोहोचावीत. फ्रीमन पहिल्याच रात्री जखमी झाले, तरी ते लगेच हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रणगाड्यांचे पथक दक्षिणेकडून रस्ता फोडत आत पोहोचले आणि चिनी तुकड्या बर्फातून उत्तरेकडे हटू लागल्या. मार्चच्या मध्यास सोल पुन्हा संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या हाती आले.